विंडोज ११ वर जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया': माझा अनुभव

देवगडच्या घरी जुन्या पेंटियमवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम होता. १९९० ची डॉस (विंडोजच्या आधीची संगणक प्रणाली) आवृत्ती. पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर घेतला, पण उघडेना. कारण सरळ आहे: गेम १६-बिट, विंडोज ११ फक्त ६४-बिट, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (प्रोग्राम जुन्या विंडोजसारखा चालवून बघायची सोय) वेळ घालवू नका.

डॉसबॉक्स घ्या, म्हणजे नव्या विंडोजमध्ये जुनं डॉस उभं करणारा प्रोग्राम. मोफत आहे. गेमचा फोल्डर सी ड्राइव्हवर छोट्या नावाने ठेवा, डॉसबॉक्समध्ये माउंट कमांडने ड्राइव्ह म्हणून जोडा, त्या ड्राइव्हवर जा आणि प्रिन्स टाइप करून एंटर दाबा. वेग कमी-जास्त वाटला तर कंट्रोल-एफ११ ने घटतो, कंट्रोल-एफ१२ ने वाढतो. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. ऑल्ट-एंटरने पूर्ण स्क्रीन.

खरा त्रास शिफ्टचा. या गेममध्ये जपून पाऊल टाकायला, कड्याला लटकायला, बाटली उचलायला शिफ्टच लागतं. ते लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज स्टिकी कीजची (एकत्र दाबायची बटणं एकेक करून दाबू देणारी सोय) खिडकी पुढ्यात आणतं, आणि राजपुत्र खिळ्यांवर! सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. यानंतरच खेळायची मजा आली. त्या काळी माणसाची अशी धाव, अशी उडी पडद्यावर दिसायची नाही. पुतणीलाही ती बघताक्षणी आवडली.

पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि राजकन्येला सोडवायला मिळतात ६० मिनिटं. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबून गेम सेव्ह होतो, सुरुवातीला कंट्रोल-एलने परत उघडतो.