केदारकंठ्याची सॅक रत्नागिरीत भरताना

जानेवारीच्या पहाटे पारा 18-19 अंशांवर आला की आपण पंखा एकवर करतो, आजीची वाकळ काढतो आणि आता कलमं मोहरतील म्हणून खूश होतो. थंडीशी आपली ओळख इतपतच. केदारकंठा हे ट्रेकचं शिखर आहे साधारण 12,500 फुटांवर, उत्तराखंडात, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथल्या तंबूबाहेर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. म्हणून तयारीला महिनाभर आधी बसा.

सगळ्यात आधी सुती कपडे बाजूला काढा. बनियन, टी-शर्ट, जीन्स, पंचा, सगळं. इथे सुतासारखं सुख नाही, पण सूत घाम पिऊन ओलं राहतं, आणि ओला कपडा अंगातली ऊब कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेतो. घामाचं आपल्याला कौतुक नाही, तो बारा महिने असतोच. बर्फात मात्र खरा वैरी तोच. चढताना भिजायचं आणि विश्रांतीला टेकलं की पाच मिनिटांत कुडकुडायचं, असं होतं. म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं उबदार जॅकेट), आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट चालताना घालायचं नाही, थांबल्यावर चढवायचं. पिसं भिजली की चिकटून बसतात आणि मग त्या जॅकेटात ऊब राहत नाही. सकाळी निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, पहिल्या चढालाच तो काढावा लागेल.

वरच्या थरासाठी घरातला रेनकोट चालेल का, हा प्रश्न प्रत्येक कोकणी माणूस विचारतो. बाईकवरचा जाड प्लास्टिकचा असेल तर नको. पाऊस बाहेर राहतो, घाम आत. काखेत चेन असलेला, हलका, श्वास घेणारा असेल तर खुशाल न्या.

पायांकडे मात्र नीट लक्ष द्या. बूट अर्धा-एक नंबर मोठे घ्या, जाड लोकरी मोज्यांसह दुकानातच घालून बघा. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. मोज्यांचे चार जोड, त्यातला एक फक्त झोपण्यासाठी, तो दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचा नाही. बूट पायाला रुळवायला भाट्याच्या वाळूत चाला, रत्नदुर्गाच्या पायऱ्या चढा. लोक हसतील. भर उन्हात घोट्यावर जाणारे बूट घातलेला माणूस बघून मीही हसलो असतो.

हातमोज्यांची परीक्षा मी बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात घेतली. लादीवर हात ठेवून पन्नासपर्यंत मोजलं. महागडी जोडी तिसापर्यंतच टिकली! आत पातळ, वर जाड अशी दुहेरी सोय बरी. चारही बोटं एकत्र राहतील असा वरचा मोजा सगळ्यात उबदार. कानटोपी, गळ्याला बफ (नळीसारखा गळपट्टा), आणि काळा चष्मा हवाच. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात.

आता लहानसहान. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, 24 अंशांखालीच ते थिजायला लागतं, तिथे दगड होईल. व्हॅसलीन न्या. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे सकाळी झाकण उघडतं. मोबाईल आणि पॉवरबँक झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी. काजूगर, नाचणीचे लाडू खिशात, कारण सॅक उघडायचा कंटाळा येतो. ऊब येते म्हणून दारूचा घोट कुणी सुचवला तर ऐकू नका. चेहरा गरम वाटतो, पण कातडीकडे रक्त धावल्याने आतली ऊब बाहेर जाते. बोटं बधिर आणि पांढरी पडली तर चोळू नका, बर्फाने तर नाहीच. काखेत धरा आणि ट्रेकच्या लीडरला लगेच सांगा.

उसन्या लोकरी कपड्यांना आपल्या हवेत बुरशी लागलेली असते नाहीतर डांबरगोळ्यांचा वास येत असतो. निघण्याआधी दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. आणि फ्लीस सॅकच्या तळाशी भरू नका. रत्नागिरीला मंगला एक्सप्रेसमध्ये आपण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चढतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मध्य प्रदेशात कुठेतरी जाग येते ती दात वाजल्यामुळे, आणि मागच्या वेळी माझी सॅक तेव्हा खालच्या बर्थखाली, चार जणांच्या सामानामागे होती.