कोदो, नाचणी, तरोटा: अनोळखी पदार्थ रोजच्या ताटात कसे आणावेत

नवा पौष्टिक पदार्थ घरात येतो तो बहुधा उत्साहाने. पहिल्या आठवड्यात तो एकदोनदा शिजतो, मग डबा फळीच्या मागच्या बाजूला सरकतो आणि पावसाळ्यात त्याला जाळी धरते. याला चव क्वचितच कारण असते. तो कोणत्या वेळी, कशाच्या जागी आणि कशासोबत खायचा हे आधी ठरलेले नसते, म्हणून तो ताटात परका राहतो. त्यामुळे बाजारात जाण्यापूर्वी घरात आठवडाभर काय काय शिजते ते नीट पाहावे. नागपूरच्या बहुतेक घरांत सकाळी पोहे किंवा उपमा, जेवणात वरण, भात, पोळी आणि भाजी, थंडीत ज्वारीची भाकरी आणि सुटीच्या दिवशी गोळाभात किंवा पाटवडी असा क्रम असतो. नव्या धान्याला यांतल्याच एखाद्या पदार्थात जागा द्यावी, त्याच्यासाठी वेगळा पदार्थ शोधत बसू नये.

ओट्स आणि क्विनोआ वाईट नाहीत, पण सुरुवात आपल्या आसपास पिकणाऱ्या धान्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेळघाटात कुटकी आणि सावा ही बारीक दाण्याची भरडधान्ये पिकतात, तर मध्य प्रदेशातील मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे कोदो-कुटकीसाठी ओळखले जातात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यानंतर ही धान्ये शहरातील दुकानांतही सहज दिसू लागली आहेत. कोदोच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 6 ग्रॅम तंतुमय भाग असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तो 3 ग्रॅमपेक्षाही कमी भरतो.

कोदो पहिल्यांदा करायचा असेल तर साध्या भातापेक्षा गोळाभातात करावा. कोदोला किंचित मातकट वास असतो आणि शिजल्यावर तो तांदळापेक्षा कोरडा लागतो. गोळाभातातील लसणाची फोडणी, तेल आणि लिंबू हा वास आणि कोरडेपणा सांभाळून घेतात. अर्धी वाटी कोदो तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवावा आणि अर्धी वाटी तांदूळ वेगळा धुऊन ठेवावा. चणाडाळीच्या एक वाटी भरड्यात तिखट, मीठ, हळद, जिरे आणि दोन चमचे तेलाचे मोहन घालून, लागेल तेवढ्याच पाण्याचा हात लावून लिंबाएवढे घट्ट गोळे वळावेत. अडीच वाट्या पाण्याचे आधण आले की कोदो आणि तांदूळ एकत्र वैरावेत. पाणी वरून दिसेनासे झाले, पण तळाशी अजून बुडबुडे येत आहेत, अशा वेळी गोळे अलगद भातावर ठेवून झाकण घालावे आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफ द्यावी. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये, कारण कोदोचा दाणा त्याच वाफेत मऊ होतो. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर हिंग, लसूण आणि लाल मिरचीची गरम फोडणी ओतावी व लिंबू पिळावे. घरच्यांना ही चव रुचली की पुढच्या वेळी तांदूळ कमी करून कोदो वाढवता येतो.

कोदो विकत घेताना मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. काढणीच्या वेळी भिजलेल्या किंवा ओल धरलेल्या कोदोवर बुरशी वाढते आणि तिच्या विषामुळे भोवळ व उलट्या होतात. हे विष धुऊन किंवा शिजवून जाईलच असे नाही. कुबट वास येणारा किंवा काळपट दाणे असलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पहिल्यांदा पाव किलोच आणावा.

नाचणी कोकणात रोजची असली तरी विदर्भातील अनेक घरांत ती फक्त बाळाच्या पेजेपुरती येते, ही खेदाची गोष्ट आहे. तिच्या 100 ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि इतके कॅल्शियम दुसऱ्या कोणत्याही रोजच्या धान्यात मिळत नाही. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीचा हात बसलेला असतोच, तेव्हा ज्वारीच्या तीन भाग पिठात एक भाग नाचणीचे पीठ घालून, ते उकळत्या पाण्याने भिजवून भाकरी थापावी. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की भाकरी मागे पडते. तेव्हा नाचणीचे पीठ पाण्यात कालवून शिजवावे आणि थंड झाल्यावर त्यात ताक, जिरेपूड, मीठ व बारीक चिरलेला सांभार (कोथिंबीर) घालून आंबील करावी.

याच उन्हाळ्यात जवस आणि बाजरीचे पीठ लवकर खवट होते, कारण दोन्हींत तेलाचा अंश बराच असतो. बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणावी. जवस मंद आचेवर भाजून, गार करून, थोडाथोडाच कुटावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावा. अख्खा जवस बहुतांशी न पचताच बाहेर पडतो, म्हणून तो कुटूनच खावा. चटणी नको असेल तर थालीपिठात किंवा वांग्याच्या भाजीच्या रश्श्यात एक चमचा पूड मिसळावी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात तरोटा या रानभाजीच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या येतात. पाने लहान आणि लवलवीत असतील तेव्हाच घ्यावीत, फुले आल्यावर ती चरबट लागतात. पाला निवडून, बारीक चिरून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर लसणाच्या फोडणीत परतावा. याच दिवसांत बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, मिळतात. त्यांत नैसर्गिक विषारी द्रव्य असल्यामुळे ते पातळ चिरून, भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्याशिवाय खाऊ नयेत. शेवग्याचा पाला तर अंगणातच असतो. मूठभर पाला शिजत्या वरणात घातला तर वेगळी भाजी करावी लागत नाही. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा संत्रे असावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा. तंतुमय धान्य एकदम वाढवले की पोट फुगते आणि दोष धान्यावर येतो. आठवड्यातून दोनदा, थोडेच खावे आणि पाणी वाढवावे. मधुमेह असणाऱ्यांनी कोदो हेही पिष्टमय धान्यच आहे हे लक्षात ठेवून ते भाताच्या जागी घ्यावे, भाताच्या जोडीला नव्हे. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घरातील एखाद्याला पदार्थ आवडला नाही तर आग्रह करू नये, त्याचे रूप बदलून पाहावे. कोदोचा भात नाकारणारी मुले त्याचाच भाज्या घातलेला उपमा किंवा उडीदडाळीबरोबर आंबवलेला डोसा आवडीने खातात. तोही चालला नाही तर कोदो बाजूला ठेवावा आणि कुटकी आणून पाहावी. तिचा दाणा बारीक असतो, लवकर शिजतो आणि खिचडीत तांदळाशी सहज मिसळतो.