रेडिएटरचं पाणी कमी होतंय? आधी ते कुठं जातंय ते बघा

खंबाटकी घाटाच्या अलीकडं, पुण्याच्या बाजूला आमचं गॅरेज आहे. मे महिन्यात दुपारचे फोन ठरलेले: "मिस्त्री, गाडी तापली, पाण्याचा कॅन घेऊन या." पाणी आणतो हो, पण गेलेलं पाणी कुठं गेलं ते कोण सांगणार? कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काही डिझेलसारखं जळत नाही. सिस्टिम बंदिस्त असते. दर आठ दिवसांनी लिटरभर टाकावं लागत असेल तर गाडीला लिकेज आहे, मग खाली थेंब दिसो वा न दिसो.

शोधायला सकाळ बरी. रात्री गाडी सपाटीला लावा, इंजिनखाली मोकळा पुठ्ठा अंथरा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बघा, ओल कुठं पडलीय. पाईपच्या क्लिपा कित्येकदा गार झाल्यावरच गळतात, गरम असताना रबर फुगून बसतं. म्हणून दुपारी गॅरेजला आलेल्या गाडीत असलं लिकेज सापडत नाही. वाळलेल्या हिरव्या-गुलाबी डागांवर बॅटरी मारा. होज पाईप दाबून बघा. मऊ पडला असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर बदला.

वॉटर बॉडीला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाला, खालून एक बारीक भोक असतं. तिथं नुसता डाग असेल तर लक्ष ठेवा. थेंब पडत असेल तर आतलं सील गेलं. हे भोक एम-सीलनं बुजवणारे महाभाग मी बघितलेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि ज्या गाडीत पंखा वॉटर बॉडीवरच बसतो तिथं एक दिवस तो थेट रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

बाहेर कुठंच ओल नाही, तरी पाणी कमी? मग ते आत जातंय. डीपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालूच करू नका. सकाळी चालू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर निघत असेल तर हेड पॅकिंग (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलेलं, किंवा नव्या गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) फुटलेला. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असले की सगळे हेडच खोलायला धावतात. जरा थांबा. मोठ्या गाडीत ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कंप्रेसरचं हेडसुद्धा याच पाण्यावर गार होतं. त्याचं पॅकिंग गेलं की हवा पाण्यात शिरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. एका गाडीचा रेडिएटर दुसरीकडं बदलून झाला होता, हेड उतरवायचं बोलणं चाललं होतं. आम्ही गार गाडीच्या रेडिएटरचं टोपण काढून इंजिन चालू केलं आणि हवेचा काटा बघत बसलो. टाकी भरून हवा सुटली, कंप्रेसर मोकळा फिरायला लागला, बुडबुडे कमी झाले. चार-पाच वेळा ब्रेक दाबून हवा उतरवली, कंप्रेसर पुन्हा भरायला लागला तसे बुडबुडे परत सुरू. हेडला हात न लावता काम कंप्रेसरवर भागलं.

टोपणाला कुणी विचारत नाही. पण दाबाखाली पाणी उशिरा उकळतं: एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेएवढा, जादा दाब असला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना. टोपणाचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही, आणि घाटात पाणी उकळून कूलंटच्या बाटलीतून बाहेर येतं. नवीन घेताना टोपणावरचा आकडा जुन्याशी जुळवून घ्या.

बोअरचं पाणी रेडिएटरात घालू नका. आमच्याकडच्या बोअरला क्षार भरपूर, नळ्या आतून बुजतात. कूलंट नुसतं गार ठेवायला नसतं. इंजिन चालताना लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती नळी) थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड टोकरतात; कूलंटमधलं औषध ते थोपवतं. साध्या पाण्यावर चाललेला लायनर बाहेर काढला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. घट्ट कूलंट असेल तर डीएम वॉटरमध्ये (क्षार काढलेल्या पाण्यात) निम्मं-निम्मं, किंवा गाडीच्या पुस्तकात असेल तसं. रंग बघून भर घालू नका. रंग प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, डब्यावरचा प्रकार वाचा.

उसाच्या सीझनला इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधे पाचटाचा भुसा गच्च बसतो. समोरून हवा मारली की तो आणखी आत जातो; पंख्याच्या बाजूनं बाहेर मारा, आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पत्र्या आडव्या होतात.

आता घाटातली गोष्ट. टेम्परेचरचा काटा वर चढतोय पण पाणी आहे, तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवा. पाणी सांडलं असेल तर लगेच बंद. आणि एक ध्यानात असू द्या: पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. वाफ निघतेय आणि काटा गार दाखवतोय, यावर विश्वास ठेवू नका. गरम टोपण उघडायचं नाही, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला चीर जाते.

पाईप फुटला असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, तारेनं आवळा, टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा म्हणजे दाब भरणार नाही, आणि पाणी बघत हळू गॅरेजला या. नळीला बारीक भोक असेल तर रेडिएटरात हळद टाकतात. थोडं अंतर काढायला चालते, मीही नाही म्हणत नाही. पण नंतर रेडिएटर धुवून घ्या, हळद चांगल्या नळ्यांतही बसते.

काम झाल्यावर सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर ढिला करून. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. गार झाल्यावर बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि पुढच्या फेरीनंतर सकाळी बघा. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या घमेल्यात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.