ताई, थर्मल किती घेऊ?

मे-जून उजाडला की कुणातरी ज्युनियरचा मेसेज ठरलेला. "ताई, ट्रॉम्सोला ॲडमिशन झाली. थर्मल किती घेऊ?" दोन जोड पुरतात, लोकरीचे, आणि तेही इथे येऊन घ्यायचे. ज्या थंडीच्या धास्तीने सगळं घर कामाला लागतं ती इथे फारशी नाहीच. नॉर्वेतलं ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर आहे, पण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो. त्यामुळे जानेवारीची सरासरी उणे तीन-चार अंशांच्या आसपास राहते. लडाखमधल्या द्रासचा हिवाळा याहून कितीतरी कडक. घरं, बस, वर्ग सगळीकडे ऊब असते. माणूस इथे बेजार होतो तो निसरड्याने, अंधाराने आणि खिशाने. म्हणून खिशापासूनच सुरुवात कर.

"नॉर्वेत शिक्षण फुकट" हे मामा-काका अजून सांगत असतील. ते २०२३ च्या शरद सत्राच्या आधीपर्यंत खरं होतं. आता युरोपबाहेरून पदवी किंवा मास्टर्सला येणाऱ्यांना फी आहे. एक्स्चेंजवर येणारे त्यातून सुटतात, आणि पीएचडीवाले तर इथे पगारी नोकरच असतात, त्यांच्याकडे बघून हिशेब करू नकोस. फीशिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम आपल्याकडे आहे हे इथे राहायच्या विद्यार्थी परवान्यासाठी दाखवावं लागतं. तो आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या सीनियरचा न घेता थेट यूडीआयच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवरून घे. परवान्यावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. मात्र काम मिळेल आणि त्यावर भागेल असं धरून कर्ज काढू नकोस, कॅफेतल्या कामालासुद्धा बहुतेक जण नॉर्वेजियन विचारतात. निघायच्या आधी दोन महिने रोज अर्धा तास नॉर्वेजियन शिकलास तरी थर्मलपेक्षा जास्त ऊब मिळेल.

आल्यावर कागदांची साखळी लागते. पोलिसांकडची अपॉइंटमेंट, मग रेसिडेन्स कार्ड, मग ओळख क्रमांक, मग बँक खातं, आणि शेवटी 'बँक-आयडी', म्हणजे ऑनलाइन व्यवहारांत ओळख पटवायची सोय. या बँक-आयडीवाचून इथे पान हलत नाही, आणि तो हातात पडेपर्यंत आठवडे जातात. तेवढे दिवस निभावेल असं परदेशात चालणारं कार्ड आणि जमलं तर दुसऱ्या बँकेचं आणखी एक, वेगवेगळ्या खिशांत ठेव. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी भर. खोलीत पलंग-टेबल असतं, पण पांघरूण-उशी आपली आपण आणायची. मी पहिली रात्र जॅकेट पांघरून आणि टॉवेलची उशी करून काढली.

आता बॅग. ऑस्लोला उतरलं की बहुतेक वेळा सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून काढून देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. मध्ये दोन-अडीच तास तरी हवेत. आणि त्या कस्टमसाठीच सांगते, साजूक तुपाची बरणी घरीच ठेव. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यात तूप, पेढे, पनीर सगळं आलं. आईला हे पटवणं हा तयारीतला सगळ्यात अवघड भाग. माझ्या आईने बरणी स्वेटरमध्ये गुंडाळून दोनदा आत घातली होती आणि मी दोनदा बाहेर काढली. तिला सांग, इथलं लोणी उत्तम असतं. बिनमिठाचं घे, पाकिटावर 'उसाल्टेत' असं पाहून घे, आणि मंद आचेवर कढव. 'कुल्तुरमेल्क' नावाचं आंबट दूध मिळतं, त्याची कढी झकास होते.

आणायचं ते असं: गोडा मसाला, मेतकूट, कोकम, हिंग, मोहरी. डाळ-तांदूळ इथे मिळतात, त्यासाठी किलो वाया घालवू नकोस. छोटा कुकर जरूर आण, पण स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा, कारण शेगडी कुठली वाट्याला येईल ते आधी कळत नाही. सोबत शिट्टी आणि रबराची रिंग जास्तीची. आपला तीन पिनांचा प्लग इथल्या दोन गोल भोकांत बसत नाही, म्हणून दोन ॲडॅप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर सगळं चालतं.

फोडणीबद्दल वेगळं सांगायला हवं. पहिल्याच महिन्यात मी लाल मिरची जरा जास्त तापलेल्या तेलात टाकली. छतावरचा धुराचा अलार्म कोकलला आणि अख्खा मजला पायमोज्यांवर अंगणात. एक मुलगा डोक्याला शॅम्पू तसाच ठेवून आला होता. फायर ब्रिगेडची गाडी आली, आत जाऊन कढई बघून गेली, आणि काही दिवसांनी बिल आलं. तेव्हापासून पंखा चालू, स्वयंपाकघराचं दार बंद, आणि तेल धुरायच्या आत मोहरी. कोकणातला किंवा गोव्याचा असशील तर माशांची चैन आहे, पण मसाला तुझा तूच आणायचा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत 'स्क्राय' हा ताजा कॉड येतो, आणि इथले लोक तो नुसता उकडून, सोबत त्याचंच यकृत आणि गाबोळी घेऊन खातात. डब्यातला टोमॅटोतला मॅकरेल म्हणजे बांगड्याचा चुलतभाऊ. तो, कांदा आणि मालवणी मसाला, दहा मिनिटांत कालवण. दुपारचं बाहेर खाणं परवडत नाही, आणि ते इथल्यांनाही परवडत नाही. सगळे 'मातपाक्के' आणतात, म्हणजे आपला डबाच, फक्त त्यात थंड पाव. रविवारी मोठी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच भरून ठेव. रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की लहान बाटलीचे दोन आणि मोठीचे तीन क्रोनर परत मिळतात.

कपड्यांत सुती काही अंगालगत नको. सुती ओलं झालं की अंग गारठतं, लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आत लोकर, मध्ये स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. बूट एक नंबर मोठे घे, आत जाड मोजे जायला हवेत. जुनं सामान फिन-डॉट-नो या खरेदी-विक्रीच्या साइटवर आणि सेकंडहँड दुकानांत स्वस्त मिळतं. शिवाय नॉर्वेभर 'बुआ' नावाची केंद्रं आहेत, तिथे स्की वगैरे मोफत उसने देतात. (घरी सांगताना बुआकडून स्की आणले म्हटलं की आजी विचारते, कुठले बुवा?)

आता निसरडं. हिवाळ्यात मधूनच पाऊस पडतो, रात्री तो गोठतो, आणि सकाळी उताराचा रस्ता काचेसारखा. शहर बेटावर, बेटाला मध्ये कणा, त्यामुळे उतार चुकत नाहीत. पहिल्या नोव्हेंबरात मी बसस्टॉपपासून वीस पावलांवर अशी आपटले की हातातला डबा माझ्याआधी स्टॉपवर पोचला. मागून येणाऱ्या आजीबाई खटखट करत शांतपणे पुढे गेल्या. त्यांच्या बुटाला 'ब्रॉडर' होते. ब्रॉडर म्हणजे बुटावर चढवायचे रबरी पट्टे, खाली बारीक खिळे. पहिल्या बर्फाची वाट न बघता ऑक्टोबरातच घे, आणि दुकानात शिरताना काढ, नाहीतर फरशीवर उलट घसरशील. दुसरी वस्तू 'रिफ्लेक्स', अंधारात गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टी. ती जॅकेटला लावून टाक. बर्फ किती पडू शकतो? २९ एप्रिल १९९७ ला इथे २४० सेंटीमीटर थर मोजला गेला. एप्रिलच्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे आंबा उतरतो तेव्हा.

अंधाराची तयारी बॅगेत मावत नाही. साधारण २७ नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. मात्र अगदी काळोख नसतो. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड येतो, बर्फावरून परत उजळतो. त्या वेळात बाहेर पडायचंच, लेक्चर असलं तरी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं. बेटाच्या कण्यावरून दिवे लावलेली वाट जाते, संध्याकाळी लोक तिथे स्कीवर किंवा चालत असतात. इथली मुलं काळोख्या महिन्यांत कॉड लिव्हर तेल घेतात. जीवनसत्त्व ड बद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोल आणि रक्त तपासून घे. उठायची वेळ पक्की ठेव. मला डिसेंबरात पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच यातला फरक कळेनासा झाला होता, एकदा मी सकाळ समजून रात्री पोहे केले. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. घरी फोन करायची वेळ ठरव, आणि ती संध्याकाळची नको, तिकडे सगळे झोपलेले असतात. दोन आठवडे खोलीतून निघावंसं वाटलं नाही तर विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशकाकडे जा, इथे त्यात कुणाला काही वाटत नाही. २१ जानेवारीच्या सुमारास डोंगरामागून सूर्य दिसतो, त्या दिवशी सगळं शहर 'सोलबोलर' नावाचे जॅम भरलेले गोड वडे खातं. रांग मोठी असते, सकाळीच जा.

उन्हाळ्याचं उलट. २० मेच्या आसपासपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. डोळ्यांवरची पट्टी भारतातूनच आण, खोलीतल्या पडद्यांचा भरवसा नाही.

आणखी एक. ध्रुवीय विषयात यायचं असेल तर गोव्यात वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आधी बघ. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं 'हिमाद्री' संशोधन स्थानक तेच चालवतं, आणि नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचं मुख्यालय इथे ट्रॉम्सोत आहे. प्राध्यापकांना पहिला ईमेल लिहिताना हे माहीत असलेलं बरं.

मी ऑगस्टमध्ये खोली सोडतेय. माझे ब्रॉडर ३८ नंबरच्या बुटाला बसतात, दोनच खिळे गेलेत. टेबलावरचा दिवा आणि कुकरही आहे, शिट्टीसकट. हवे असतील तर जुलै संपायच्या आत सांग.