मुलांवरच्या हिंसेबद्दल आपल्या सरकारला जाब कसा विचारायचा

सगळ्यात आधी, एखादं मूल आत्ता मार खातंय, धोक्यात आहे असं दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, लगेच तिथली चाइल्ड हेल्पलाइन किंवा पोलीस गाठा. जिनिव्हाहून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती जिथे बसते तिथून, कुणी धावून येणार नाहीये. खालचं सगळं कायदे आणि यंत्रणा बदलून घ्यायला आहे.

सुरुवात बालहक्क कराराने करा. 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा करार, अमेरिका सोडली तर जवळपास सगळ्या देशांनी मान्य केलेला. त्यातलं कलम 19 नीट वाचा, मारणारे आईवडील असोत की सांभाळणारं दुसरं कुणी, मुलाला वाचवायची जबाबदारी सरकारवर येते, म्हणजे 'आमच्या घरातला मामला आहे' हे उत्तर तिथे चालतच नाही.

मग आपल्या देशाचा रिपोर्ट शोधा. सरकारांना साधारण दर पाच वर्षांनी 18 तज्ज्ञांच्या बालहक्क समितीला हिशेब द्यावा लागतो आणि समिती कुठे कमी पडलात ते लेखी सांगते, हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या साइटवर फुकट मिळतं. मुलांना शिक्षा म्हणून मारण्याबद्दल काय म्हटलंय ते घर, शाळा, बालगृह असं वेगवेगळं बघा, कारण बऱ्याच देशांत शाळेत बंदी असते पण घरात नसते (स्वीडनने तर 1979 लाच घरातसुद्धा बंद केलं!).

समितीसमोर आपल्या देशाची पुढची सुनावणी कधी आहे बघून शॅडो रिपोर्ट (सरकारच्या रिपोर्टला जोड म्हणून संस्थांनी समितीला दिलेला स्वतःचा रिपोर्ट) पाठवा, एकट्याने नको, दोन-चार संस्था मिळून. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्या. भावनिक भाषण नको, किती तक्रारी नोंदल्या, किती कोर्टात गेल्या, मुलांच्या संरक्षणाची किती सरकारी पदं रिकामी आहेत ते लिहा आणि कुठल्याही मुलाचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही टाकू नका प्लीज. मुलं स्वतःही समितीला लिहू शकतात, त्यांना लिहू द्या, त्यांची वाक्यं सुधारत बसू नका.

मागण्या काय करायच्या सुचत नसेल तर 2016 चं इन्स्पायर पॅकेज बघा, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी मिळून केलेलं, त्यात कायद्यापासून पालकांना आधार देण्यापर्यंत सात मार्ग आहेत, त्यातले दोनच धरा आणि त्यांना बजेट किती ते विचारा.

एखाद्या मुलाची केस थेट समितीकडे न्यायची असेल तर देशाने तिसरा ऐच्छिक प्रोटोकॉल (तक्रारींसाठी बालहक्क कराराला जोडलेला वेगळा करार) मान्य केलेला लागतो, आधी देशातले कोर्टाचे मार्ग संपवावे लागतात आणि त्यानंतर साधारण वर्षाच्या आत अर्ज जावा लागतो, म्हणून कोर्टाच्या प्रत्येक आदेशाची तारखेसकट कॉपी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.