इटलीतल्या टस्कनीत सुट्टीसाठी व्हिला भाड्यानं घेताय? आधी गाडीचं बघा

साताऱ्याहून दहा-बारा जणांचं कुटुंब इटलीला निघालं, की सगळे स्विमिंग पूलचे फोटो बघत बसतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी रस्ता बघा. टस्कनीच्या खेड्यातल्या बऱ्याच घरांपासून दुकान नि बसथांबा लांब असतो, गाडीशिवाय चालत नाही. साध्या परवान्यावर चालक धरून नऊच जण बसतात. म्हणजे दोन गाड्या, दोन चालक. दोघांनीही साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो १ वर्ष चालतो. उन्हाळ्यात पुष्कळ व्हिला शनिवार ते शनिवारच मिळतात, तेव्हा विमानाची तिकिटं व्हिला ठरल्यानंतर काढा. आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर खोली आणि बाथरूम आहे का, हे मालकाला लेखी विचारा. आणि तिथला घरगुती वीजजोड बहुधा ३ किलोवॅटचा. ओव्हन, इस्त्री, गीझर एकदम लावू नका, वीज जाते.