कार्टून गाडीच्या मॉडेलवर गंज दाखवायचाय? मीठ घ्या

फुगीर बॉडी, मोठ्ठी चाकं असली गमतीशीर प्लास्टिक किट नव्या कोऱ्या रंगात खेळण्यासारखी दिसते, पण थोडी गंजलेली केली की तिच्यात जीव येतो बघा. आधी सगळे पार्ट साबणाच्या पाण्यानं धुवून घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. मग जिथं गंज पाहिजे तिथं, म्हणजे चाकाच्या वरची कड, दाराचा खालचा भाग, बॉनेटची धार, तिथं गंजाचा तपकिरी रंग मारून पूर्ण वाळू द्या, त्यावर ब्रशनं पाणी लावून जाडं आणि बारीक मीठ मिसळून चिमटीनं टाका, नुसतं बारीक टाकलं तर सगळे ठिपके एकसारखे येतात आणि खोटं वाटतं. मीठ वाळलं की वरून गाडीचा ॲक्रिलिक रंग पातळ फवारायचा, आणि तो वाळला की ओल्या टूथब्रशनं मीठ हळूच काढायचं, म्हणजे तिथं खालचा गंजाचा रंग दिसतो.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी फवारू नका, रंग हवेतच वाळतो आणि बॉडी खरखरीत होते, सकाळी लवकर बसा. उन्हात तर वाळत ठेवूच नका, बारीक पार्ट वाकतात.

चाकांना शेतातली खरी काळी माती लावायचा मोह होतो, पण १:२४ स्केलला, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढं असताना, अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे १२ मिलिमीटरचा खडा झाला, त्यापेक्षा करड्या-तपकिरी पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशनं लावा आणि शेवटी मॅट वार्निश मारा.